पेटीतली आई

"अगं आई, सकाळीच तर बोललो आपण! आता पुन्हा काय?"

केतकीचं हे वाक्य ऐकलं आणि हेमलताबाई फिरक्यांनी हातातल्या डॉक्टरांच्या कागदाची घडी घातली. मंगळवारची दुपार, तीन वाजलेले, भुसावळचं ऑक्टोबरातलं ऊन खिडकीच्या पडद्यालाही जुमानत नव्हतं. अशा उकाड्यात बाईंच्या पाठीवरून गार घाम उतरला.

सकाळी त्या कुणाशीच बोलल्या नव्हत्या. सकाळीच कशाला, केतकीचा आवाज त्यांनी अकरा दिवसांत ऐकला नव्हता.

"सकाळी? आज सकाळी?" त्यांनी विचारलं.

"मग काय! तू भरिताची वांगी भाजत होतीस. म्हणालीस, काटे काढायचा कंटाळा येतो. आई, तू विसरायला लागलीस का गं?" केतकीच्या आवाजातली चेष्टा शेवटच्या शब्दाला काळजीत बदलली होती.

"नाही गं... सहजच केला फोन. तू जेव. ठेवते." बाईंनी फोन ठेवला आणि त्या भाजीची टोपली बघून खुर्चीत येऊन बसल्या. घरात वांगं नव्हतंच. गेल्या रविवारपासून नव्हतं.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी माणसाला दोनच गोष्टींची भीती असते. एक शरीर जाण्याची, दुसरी डोकं जाण्याची. पहिलीचा कागद बाईंच्या हातात होता: गुरुवारी सकाळी जळगावला अँजिओग्राफी, गरज पडली तर लगेच पुढची शस्त्रक्रिया, "घरचं जवळचं माणूस सोबत हवं, मुलीला बोलावून घ्या." आणि आता ही दुसरी समोर येऊन उभी राहिली. मी बोलले असेन आणि विसरले असेन तर?

खरं तर त्यांनी फोन केला होता तो केतकीला 'ये' म्हणून सांगायला. अकरा दिवसांपूर्वी मायलेकींचं वाजलं होतं. तब्येतीचं विचारल्यावर हेमलताबाई नेहमीप्रमाणे "मी ठीक आहे" म्हणाल्या, आणि केतकी तिकडे मस्कतमध्ये भडकली. "बाबाही हेच म्हणाले होते. आदल्या दिवशी. ठीक आहे, ठीक आहे करत गेले, आणि मी विमानतळावर होते. तुम्ही दोघं मला कधीच खरं सांगत नाही!" तिने फोन आपटला. त्यानंतर रोज सकाळी साडेआठला टीव्हीवर येणारा तिचा कॉल बंद झाला, असं बाईंना वाटलं. टीव्ही लावला की एकच पाटी: 'घराची पेटी सापडत नाही'. बाई मनात म्हणाल्या, नाही तर नाही. लहान ती आहे, पहिला फोन तिने करायचा. रुसवा धरण्यात फिरक्यांच्या घरात कुणी कुणाला हार जात नाही.

आता ही पेटी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळा खेळ तिचाच आहे.

पूर्वी लोक घरातले व्हिडिओ, गाणी, फोटो एका यंत्रात साठवत आणि टीव्हीवर बघत. मग साठा इतका वाढला की जागा पुरेना. तेव्हा कुणा हुशार लोकांनी युक्ती काढली. व्हिडिओतला प्रत्येक ठिपका साठवायचा कशाला? पेटीला घरची माणसंच शिकवायची. आई हसते कशी, बोलताना कुठे थांबते, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर देते. एवढं सार साठवलं की त्यावरून पेटी ते दृश्य पुन्हा रचू शकते. तुपाच्या बरणीत चार म्हशींचं दूध मावतं, तसंच हे.

घरातल्या कॅमेऱ्यांतून माणसं बघायला-ऐकायला पेटी घरातल्या वाय-फायवर अवलंबून असे. बाहेरगावच्या मुलाबाळांशी बोलायला मात्र तिच्या पोटात वेगळं सिमकार्ड होतं. घरातलं वाय-फाय चार-पाच सेकंद गेलं, तर बाहेरच्या माणसाला काळा पडदा दिसू नये म्हणून पेटी तेवढी फट सारातून भरून काढी. आई पापणी लववते, मान हलवते, "हं" म्हणते. कुणाला कळतही नसे. ही फट पाच सेकंदांचीच असावी, असा नियम मात्र कुणी घातला नव्हता.

हेमलताबाईंना यातलं निम्मं माहीत नव्हतं. पण त्यांना दुसरं काही माहीत होतं. भुसावळच्या रेल्वे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी अडतीस वर्षं काढली होती. लाइन बिघडली की घाबरायचं नाही, टोकापासून सुरुवात करायची, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. आधी आपलं टोक, मग मधली तार, मग समोरचं टोक.

"मी वेडी झाले की लाइन बिघडली, ते तरी कळू दे," असं स्वतःशीच पुटपुटत त्या उठल्या.

पेटी दिवाणखान्यातल्या कपाटावर, केतकीच्या बाबांच्या, भालचंद्ररावांच्या फोटोशेजारी होती. हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. म्हणजे आपलं टोक जिवंत. बाईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि छातीवर कुणी वरवंटा ठेवावा तसं झालं. कपाटाला धरून त्या दहा श्वास थांबल्या. मग पेटी खाली काढली, जुना लॅपटॉप काढला आणि मधे वाय-फाय नको म्हणून दोघांना सरळ तारेने जोडलं. पेटीच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावरचा नंबर चष्मा वर-खाली करत टाईप केला.

पेटी उघडली. टीव्हीला अकरा दिवस न सापडलेली पेटी तारेने पटकन सापडली.

पानावर कॉलची यादी होती. रोज सकाळी साडेआठ, केतकी. एकही दिवस चुकलेला नव्हता. कालावधी बावीस मिनिटं, एकतीस मिनिटं, एकोणीस मिनिटं. आणि प्रत्येकापुढे एकच शब्द: 'पूरक'.

बाईंनी आजच्या सकाळचा कॉल लावला, आणि त्यांच्या तोंडून "अगं बाई गं!" एवढंच निघालं.

पडद्यावर त्यांचं स्वयंपाकघर होतं. गॅससमोर त्या स्वतः उभ्या होत्या. अंगावर हिरवी इरकली, जी त्यांनी दोन वर्षांपूर्वी भाचीला देऊन टाकली होती. ती बाई वांगं फिरवत होती, डाव्या हाताने पदर खोचत होती, हुबेहूब. आणि आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. दोनदा कोरडा, मग घसा खाकरणं. चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा खोकला.

"आई, बाबांसारखं कोण खोकलं गं?" पडद्यावरची केतकी म्हणाली.

"शेजारचे नारखेडे असतील," ती बाई म्हणाली.

हेमलताबाईंनी मान वळवून आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार अर्धं उघडं होतं. आत कुणी नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं, तरी उठून बघायची हिंमत झाली नाही.

"मी काय म्हणते," केतकी सांगत होती, "उद्यापासून आठ दिवस सुट्टी मिळतेय. तिकीट बघून ठेवलंय. येऊ का? खरं सांग, तुला बरं आहे ना?"

"अगं, कशाला उगाच धावपळ! मी ठीक आहे. तू तुझं बघ."

"नक्की?"

"नक्की गं बाई. दिवाळीला ये निवांत."

"बरं. मग राहू दे."

बाईंना वाटलं, कुणी आपल्याला घरातच कोंडून बाहेरून कडी लावली. त्या वेड्या नव्हत्या, याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचा जीव इतका घाबरा झाला की पाणी प्यायलाही हात पुढे होईना. कारण त्या पेटीतल्या बाईने एकही शब्द खोटा रचला नव्हता. प्रत्येक वाक्य हेमलताबाईंचंच होतं. वीस वर्षं मुलीला जे जे सांगितलं, तेच ती सांगत होती.

त्यांनी मोबाइल उचलला. या वेळी आडपडदा ठेवायचा नाही, असं ठरवून.

"केतू, ऐक. सकाळी तुझ्याशी बोलली ती मी नव्हते. पेटी होती. मला... मला छातीत दुखतंय गं. गुरुवारी अँजिओग्राफी आहे. मला भीती वाटतेय. तू ये."

पलीकडून केतकीचा आवाज आला, पण तो मुलीचा नव्हता. बँकेत अनोळखी माणसाशी बोलावं तसा होता.

"कोण बोलताय तुम्ही?"

"अगं, मी! आई!"

"माझ्या फोनवर लाल पाटी आलीय. आवाज जुळतो, बोलणं जुळत नाही. एकोणतीस टक्के. माझी आई असं कधीच बोलत नाही. जन्मात तिने 'भीती वाटते' म्हटलेलं नाही. कुणाच्या आईचा आवाज चोरून असले धंदे करता, लाज नाही वाटत?" आणि फोन बंद.

आवाज चोरून फसवणाऱ्यांचा तेव्हा एवढा सुळसुळाट झाला होता की परगावी राहणारं प्रत्येक लेकरू फोनवर अशी पडताळणी लावून ठेवी. माणूस नेहमी बोलतं कसं, ते पडताळणीला घरची पेटीच कळवत असे. म्हणजे चोराच्या हाती किल्ली, आणि साक्षीदारही तोच!

बाईंनी पुन्हा फोन लावला. लागला नाही. केतकीने नंबरच अडवला होता.

तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा उजळला. 'केतकी. कॉल चालू. पूरक.'

मुलगी खात्री करून घ्यायला आईला फोन करत होती. टीव्हीवर. पेटीला.

"आई! बरी आहेस ना गं? आत्ता कुणीतरी तुझ्या आवाजात फोन केला मला. म्हणे छातीत दुखतंय."

हिरव्या इरकलीतली बाई हात पुसत वळली. "मेल्यांना कामधंदे नाहीत! मला काय धाड भरलीय? मी ठीक आहे."

"केतू! ती मी नाही! केतू!" हेमलताबाई लॅपटॉपवर ओरडल्या. लॅपटॉपला फक्त बघता येत होतं, बोलता येत नव्हतं. पडद्यावरच्या दोघी हसल्या. बाईंनी झडप घालून पेटीची पिन भिंतीतून उपटली.

ती बाई बोलतच राहिली. आपल्याकडे वीज जाते म्हणून कंपनीने पेटीच्या आतच बॅटरी बसवली होती, तीन दिवस पुरेल अशी. गुरुवारपर्यंत सहज पुरली असती.

मग मात्र बाईंचं भान सुटलं. स्वयंपाकघरातून त्या लोखंडी खलबत्त्यातला बत्ता घेऊन आल्या आणि पेटीवर उगारला. एका घावात काम झालं असतं. पेटीतून पुन्हा तो खोकला आला. दोनदा कोरडा, मग घसा खाकरणं.

हात हवेतच राहिला. भालचंद्रराव त्या पेटीत होते. केतकीला सायकल शिकवताना मागे धावणारे, बेसूर आरती म्हणणारे, हेमा म्हणून हाक मारणारे. दुसरीकडे कुठेच नव्हते. बाईंनी बत्ता खाली ठेवला आणि ढसाढसा रडल्या. छातीतली कळ डाव्या खांद्यात उतरली. त्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवली.

रडून झाल्यावर माणसाचं डोकं कधीकधी स्वच्छ चालतं. पेटी पूरक का दाखवते? कारण तिला घर दिसत नाही. घर दिसलं की ती खरी माणसं दाखवणार. मग मारायचं कशाला? मधली तार बघायची राहिलीय.

त्यांनी पेटीचं पान खाली सरकवलं. तळाशी बारीक अक्षरात होतं: 'घरातील वाय-फाय: जोडणी नाही. कारण: पेटीचा क्रमांक दुसऱ्या यंत्राकडे आहे.'

"क्रॉस कनेक्शन!" बाई मोठ्याने म्हणाल्या. एका नंबरावर दोन फोन. एक्स्चेंजमध्ये असले शंभर पाहिले होते. पण घरात दुसरं यंत्र आलं कुठून?

त्या वाय-फायच्या डबीपाशी गेल्या आणि डबीच्या मागून निघालेली निळी तार त्यांना दिसली. खिडकीच्या गजातून बाहेर, गच्चीच्या कठड्यावरून, थेट नारखेड्यांच्या घरात. आणि मग आठवलं. अकरा दिवसांपूर्वी नारखेडेवहिनींच्या नातीचं बारसं होतं. त्यांचं वाय-फाय बंद पडलेलं, सुरतेच्या पाहुण्यांना पाळणा टीव्हीवर दाखवायचा होता. विरजण मागावं तसं वहिनींनी वाय-फाय मागितलं, आणि विरजण द्यावं तसं बाईंनी दिलं. त्यांच्या जावयाने आपली डबी आणून तार ओढली होती. विरजणाची वाटी परत येते. तार कुणी परत नेली नव्हती.

नारखेड्यांची डबी आपल्या यंत्रांना नंबर वाटत सुटली होती, आणि फिरक्यांच्या पेटीचा नंबर त्यांच्या टीव्हीला देऊन बसली होती.

बाईंनी तार खेचून काढली. लगेच शेजारून हाक आली, "ओ हेमाताई! आमचा टीव्ही गेला वं माय! मालिका चालू होती!"

"जाऊ द्या वहिनी!" बाई खिडकीतून ओरडल्या. "माझी लेक चाललीय!"

त्यांनी डबी बंद केली, वीस आकडे मोजले, चालू केली. लाल दिवा. लाल. लॅपटॉपवर केतकी म्हणत होती, "चल आई, मीटिंग आहे. ठेवते."

"थांब गं, थांब," बाई दिव्याला विनवत होत्या. पिवळा झाला. पेटीतली बाई म्हणत होती, "बरं, जेवलीस ना?" तिच्या या सवयीने कॉलचं आयुष्य अर्ध्या मिनिटाने वाढवलं. मुलीचा फोन हेमलताबाई कधीच एका वाक्यात ठेवत नसत.

दिवा हिरवा झाला.

भिंतीवरचा टीव्ही आपोआप उजळला. त्यावर केतकी होती, फोन ठेवायला हात पुढे केलेली. तिचा हात तिथेच थांबला. तिच्या पडद्यावरून हिरव्या इरकलीतली बाई पापणी लवायच्या आत नाहीशी झाली होती. तिच्या जागी गाऊनमधली, घामाने निथळलेली, हातात निळी तार धरलेली एक म्हातारी उभी होती.

"आई?" केतकीचा आवाज चिरकला. "हे काय? साडी... तू स्वयंपाकघरात होतीस ना? आई, काय झालं? तू ठीक आहेस ना?"

आणि हेमलताबाईंच्या तोंडून, इतक्या आटापिट्यानंतर, त्यांना स्वतःला कळायच्या आत निघालं, "अगं, काही नाही. मी ठीक आहे."

केतकीने मोठा श्वास सोडला. तिच्या पडद्यावरचा हिरवा आकडा इकडे टीव्हीच्या कोपऱ्यातही दिसत होता. नव्व्याण्णव टक्के. "हुश्श! घाबरवलंस. चल, ठेवते मग."

बाईंना ब्रह्मांड आठवलं. आज ही संधी गेली, तर गुरुवारी जळगावच्या त्या टेबलावर आपण एकटं. आणि समजा उठलोच नाही, तर पेटीत ती हिरव्या साडीतली बाई रोज साडेआठला वांगी भाजत राहील, नाहीतर दुसरं काही करेल, आणि लेकीला कधी कळणारही नाही.

"ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "मी ठीक नाहीये. मघाशी फोन केला ती मीच. छातीत दुखतंय. खांद्यापर्यंत कळ येतेय. मला एकटीला भीती वाटतेय, केतू."

कोपऱ्यातला आकडा घसरला. साठ. चाळीस. अठ्ठावीस. लाल झाला. केतकी खुर्चीत मागे सरकली. भूत पाहावं तशी ती आईकडे बघत होती.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.

काय सांगणार? लग्नाची तारीख, आजीचं नाव, लहानपणचा ताप, सगळं पेटीला ठाऊक. घरात बोललं गेलेलं काहीच आता पुरावा म्हणून उरलं नव्हतं. बाईंनी डोळे मिटले. घराबाहेरचं काय होतं? अडतीस वर्षं कानाला लावलेला हेडफोन होता. पेटी घरात येण्याआधीच त्या निवृत्त झाल्या होत्या. आणि सात वर्षांची केतकी होती. शाळेतून आली की ती क्वार्टरमधला काळा रेल्वेचा फोन उचलायची आणि ड्युटीवरच्या आईला लावायची. ड्युटीवर आई म्हणून बोलायची परवानगी नसे.

त्यांनी पाठ ताठ केली. आवाज खाली उतरवला, सपाट, स्वच्छ, कामाचा. घरात त्यांनी तो कधी काढला नव्हता.

"भुसावळ एक्स्चेंज. बोला, कुठला नंबर हवाय?"

टीव्हीच्या कोपऱ्यातला आकडा पुसला गेला. तिथे आलं: 'नोंद नाही'.

केतकी पडद्याजवळ सरकली आणि मस्कतमधल्या त्या ऑफिसात, तिच्या तोंडून शाळेतल्या पोरीचा आवाज आला.

"मला... मला माझी आई द्या."

"कनेक्शन देते. लाइनवर राहा."

केतकीने एका हाताने तिची ती पडताळणी बंद केली, दुसऱ्याने डोळे पुसले, आणि समोर दुसरा पडदा उघडून विमानं बघायला लागली. "रात्री साडेदहाचं आहे मुंबईला. उद्या दुपारपर्यंत मी घरात. तोवर नारखेडेकाकूंना बोलावून घे, एकटी राहू नकोस. आणि आई, मला खरं सांग. किती दिवस दुखतंय?"

"मी ठी..." जीभ पुन्हा त्याच वाटेने निघाली होती. हेमलताबाईंनी ती दातांखाली धरली. कपाटावरून भालचंद्ररावांचा फोटो बघत होता.

"अकरा दिवस," त्या म्हणाल्या.